मोजणीच्या दिवशी हजर

अल कुसैस, दुबई
९ सप्टेंबर २०२४

ॲडेलिनबाईंना राजन चुरीचा डोंगरापलीकडून नमस्कार.

कागदावर, हाताने आणि मराठीत पत्र पाहून तुला वाटेल, ह्याला वय झालं. तसं नाही. ईमेल विद्यापीठाचा आहे, तो वाचला जातो. व्हॉट्सॲप माझं आहे, ते अनुपमा वाचते. आणि आमच्या बजेट ऑफिसात अरबी, मल्याळम, उर्दू, तगालोग, सगळं वाचणारे बसलेत, पण वसईच्या कॉलेजात शिकलेला मी एकटाच. तेव्हा खैरुद्दीनच्या व्हॅनमधून, दुबईहून फुजैरा कॅम्पसला जाणाऱ्या रोजच्या टपालात, हा तपकिरी लिफाफा.

मुद्दा असा की तुमच्या पैशांचा हिशेब बदललाय. तू तिकडे नर्सिंगच्या पोरींना औषधाच्या मात्रांचं गणित शिकवतेस आणि मी इकडे त्या पोरींचे पैसे मोजतो, म्हणून तुला आधी सांगतोय.

आजवर कसं होतं? सरकारकडून विचारणा व्हायची, गेल्या वर्षी किती दिले होते? आम्ही सांगायचो, एवढे. मग त्यावर चमचाभर तूप सोडून यंदाचे यायचे. कोण शिकतंय, कोण नुसतं एसीत बसतंय, चौकशी नाही. आता सल्लागार आलेत. तिशीतली पोरं, बुटात मोजे घालत नाहीत, आणि प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करतात. त्यांनी ठरवलं, यापुढे डोईमागे पैसे. सत्राच्या दहाव्या आठवड्यात एक दिवस मोजणीचा. त्या दिवशी जी मुलगी विषयाच्या यादीत आहे ती एक. त्याआधी विषय सोडून गेली ती शून्य. मग त्या एकाला विषयाच्या वजनाने गुणायचं. नुसतं बोलून शिकवायचा विषय असेल तर वजन एक. प्रयोगशाळा असेल तर दोन. वॉर्डात न्यावं लागत असेल तर तीन. म्हणजे कविता शिकणारी मुलगी एक आणि तुझी सुई टोचणारी मुलगी तीन. कवितेच्या डिपार्टमेंटात सुतक आहे.

ह्या सगळ्याची एक्सेल मीच बांधली. सल्लागारांनी फक्त रंग निवडले.

तू पोरींना सांभाळ. मोजणीच्या दिवसापर्यंत तर डोळ्यांत तेल घालून.

तुझा
राजन

•

फुजैरा
१६ सप्टेंबर २०२४

राजन,

खैरुद्दीनने लिफाफा असा दिला की कोर्टाचं समन्सच. "मॅडम, चुरी साब बोला, हाथ में देना, टेबल पे नहीं." आता अख्ख्या स्टाफरूमला वाटतंय माझं काहीतरी चाललंय. ह्या वयात एवढी अब्रू मिळवून दिलीस, आभारी आहे.

माझ्या चौतीस मुलींना मी सांगितलं, तुम्ही एकेक जण आता तीन आहात. एक म्हणाली, "मिस, मग हजेरीही तीनदा लावा."

पण तुझ्या मोजणीने माझी पंचाईत केली आहे. माझ्या विषयात दशांशचिन्ह एक घर सरकलं की माणूस मरतो, म्हणून पास व्हायला सत्तर गुण लागतात. दर वर्षी सहासात मुली तिथवर पोचत नाहीत. बुद्धी नसते असं नाही. कुणाची शाळेतली पाटीच कोरी, कुणाचं मूल अजून अंगावर पितं. अशांना मी आठव्या आठवड्यात एकेकटीला बोलावते, खजूर आणि कॉफी पुढे ठेवते आणि सांगते, बाई गं, विषय सोडण्याचा अर्ज भर. निकालपत्रावर नापासचा शिक्का बसत नाही, सरकारी विद्यावेतन चालू राहतं, पुढच्या सत्रात ताजी होऊन ये. तेरा वर्षांत अशा जितक्या सोडवल्या, त्यातल्या बहुतेक आज इथल्या इस्पितळात युनिफॉर्म घालून फिरतात आणि मला रांगेतून पुढे काढतात.

यंदा अशा सात आहेत. त्यांतली एक उमैमा. डोंगराकडच्या गावातली, चोवीस वर्षांची, दोन मुलं. नवरा अबुधाबीत नोकरीला, सुट्टीपुरता घरी. वॉर्डात तिचा हात पाहावा. तापाने रडणारं पोर तिच्याकडे दिलं की गप्प. पण ०.५ आणि ०.०५ तिला सख्ख्या बहिणी वाटतात. महिन्याला बाराशे दिरहम विद्यावेतन मिळतं, म्हणजे आपले अठ्ठावीस हजार धर. तेवढ्यात मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार भागतो. सासू म्हणते, "मी सात वाढवले, आता दुसऱ्यांचे वाढवणार नाही." मला सासू आवडली.

तेव्हा तुझ्या एक्सेलला सांग, माझे सात शून्य येतील.

घरी ठीक. स्टॅनलीचं हॉटेल दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं ते बंदच आहे. आता तो माझ्या व्हिसावर. दिवसातून तीनदा किचनचा ओटा पुसतो. जॅकलीनचं बारावीचं वर्ष. काही विचारलं तर "आय नो, ममा" एवढंच.

ॲडेलिन

•

अल कुसैस
८ ऑक्टोबर २०२४

ॲडेलिन,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. अनुपमाने विचारलं काय झालं, मी म्हटलं ॲसिडिटी.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं नव्हतं, कारण लिहायची परवानगी नव्हती. अजूनही नाही. पण ऐक. मोजणीच्या दिवशी ज्या कॅम्पसवर एखाद्या अभ्यासक्रमात तीसपेक्षा कमी डोकी असतील, तो अभ्यासक्रम त्या कॅम्पसवर 'परवडत नाही' असं धरणार. तुझ्या चौतिसांतून सात गेल्या की राहतात सत्तावीस. मग जानेवारीपासून तुमचं नर्सिंग खलास. मुलींना दुबई कॅम्पसला यायला सांगणार. जाऊन येऊन तीन तास. तुझी उमैमा येईल? तिच्या गावातली दुसरी कुणी येईल? आणि तू? तुझी नेमणूक त्या अभ्यासक्रमावर आहे, कॅम्पसवर नाही. तुझा व्हिसा गेला की स्टॅनलीचा गेला, जॅकलीनचा गेला.

म्हणून हात जोडून सांगतो, ह्या वर्षी कुणालाही सोडू देऊ नकोस. हिशेबात नापास मुलगीही एकच धरतात. सोडून गेलेली मात्र शून्य. नापास झाल्या तर होऊ देत, पुढच्या वर्षी पास होतील. आधी पुढचं वर्ष तर राहू दे.

तुझी खजूर-कॉफी फार थोर आहे. पण हिशेबात तिला रकाना नाही.

राजन

•

फुजैरा
४ नोव्हेंबर २०२४

राजन,

विषय सोडायची मुदत गुरुवारी संपली. एकीनेही सोडला नाही. चौतीसच्या चौतीस. मोज.

सहाजणींना पटवायला काही लागलं नाही. मी बाई आहे, मी म्हटलं, त्यांनी मान डोलावली. शिक्षकाच्या शब्दाला किती वजन असतं हे तुमच्या सल्लागारांनी अजून काढलेलं दिसत नाही.

उमैमा मात्र अर्ज भरूनच आली होती. फक्त माझी सही हवी होती. मी म्हटलं, नको सोडूस.

"पण मिस, गेल्या वर्षी माझ्या नणंदेला तुम्हीच सोडायला लावलं होतं."

"ती वेगळी होती."

"ती माझ्याहून हुशार आहे, मिस."

मी म्हटलं, मी तुला रोज दुपारी शिकवीन, एकटीला. तिने अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे होईल, इन्शाल्ला." खरं कारण मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? बाई गं, तू इथे बसून राहिलीस की तुझे तीन होतात आणि माझा व्हिसा टिकतो?

मी ते कॅम्पससाठी केलं, तिच्या गावातल्या पुढच्या पोरींसाठी केलं. असं मी स्टॅनलीला सांगितलं. तो ओटा पुसत होता. म्हणाला, "आणि आपल्यासाठी." हॉटेलातली माणसं बिल बरोबर वाचतात.

रोज दुपारी सातहीजणींना घेऊन बसते. दूध, पाणी, सरबत, सगळं मापून झालं. उमैमा काल पहिल्यांदा न चुकता पाच गणितं करून गेली. सहाव्याला चुकली. पण हसत चुकली.

ॲडेलिन

•

दुबई, ऑफिस
१३ नोव्हेंबर २०२४

चौतीस! नर्सिंग, फुजैरा, हिरवा रंग! माझ्या डोळ्यांसमोर रकाना हिरवा झाला. शारजाच्या पलीकडचे दोन अभ्यासक्रम लाल झाले, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता.

वसईहून भाऊ आला होता, त्याने आणलेली सुकेळी खैरुद्दीनबरोबर पाठवतोय. तो वाटेत खाईल. मोजून घे.

तू जिंकलीस, बाई. आता निवांत शिकव.

राजन

•

फुजैरा
१९ डिसेंबर २०२४

राजन,

निकाल लागला. सातांपैकी तिघी पास झाल्या. गेल्या तेरा वर्षांत जमलं नव्हतं ते दुपारच्या वर्गांनी करून दाखवलं, म्हणून डीनबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. चौघी नापास.

उमैमाला सदुसष्ट.

तीन गुण द्यायचे होते, असं तू म्हणशील. स्टॅनली म्हणाला. जॅकलीनसुद्धा म्हणाली, "जस्ट राउंड इट अप, ममा." मी तिचा पेपर तीनदा काढून बसले. चौथा प्रश्न होता, नऊ किलोच्या बाळाला तापाचं औषध किती द्यायचं. रीत बरोबर, भागाकार बरोबर, आणि शेवटी चिन्ह एक घर उजवीकडे. दसपट औषध. कागदावरचं ते बाळ मेलं, राजन. त्याला मी तीन गुण कुठल्या तोंडाने देऊ? ह्या बाईच्या हाती उद्या तुझी-माझी नातवंडं येतील.

तिचं विद्यावेतन बंद झालं. नापासचा शिक्का बसला की सरासरी खाली येते आणि ते आपोआप बंद होतं. कुणी माणूस बंद करत नाही, म्हणून भांडायलाही कुणी नसतं. मुलांना सांभाळणारी बाई महिनाअखेर जातेय.

काल उमैमा आली होती. केक घेऊन. नापास झालेली मुलगी बाईंना केक आणते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "दुपारी शिकवलंत त्याबद्दल." निघताना दारात थांबली.

"मिस, एक विचारू? रागवू नका. मला सोडू का दिलं नाहीत?"

मी म्हटलं, मला वाटलं तू पास होशील.

"मलाही वाटलं होतं," म्हणाली.

ती गेल्यावर मी केक स्टाफरूममध्ये ठेवून दिला. सगळ्यांनी खाल्ला, चांगला होता म्हणतात.

तुला नाताळाच्या आगाऊ शुभेच्छा. यंदा आम्ही कुठे जात नाही.

ॲडेलिन

•

अल कुसैस
९ जानेवारी २०२५

प्रिय ॲडेलिन,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं. सरळच लिहितो.

मोजणी ही पहिली पायरी होती. आता दुसरी लावली आहे. तिचं नाव 'समायोजन'. मोजणीच्या दिवशी जितकी डोकी दाखवली, त्यांतली किती पास झाली ते पाहायचं. शंभरात नव्वद झाली नाहीत, तर दिलेले पैसे परत घ्यायचे आणि अभ्यासक्रम 'निष्फळ' धरायचा. तुमचे चौतिसांत तीस. अठ्ठ्याऐंशी टक्के. रकाना पुन्हा लाल.

काल सह्या झाल्या. फुजैराचं नर्सिंग ह्या सत्रापासून बंद. ज्या मुली उरल्या त्यांना दुबई कॅम्पस, विद्यापीठाची बस देणार आहेत. बसचं वजन किती धरायचं यावर परवा दोन तास मीटिंग झाली.

आता चांगली बातमी. मी तुझ्यासाठी खटपट केली. दुबई कॅम्पसला हाच विषय शिकवायला एक जागा रिकामी आहे. तुझं नाव पुढे गेलंय, डीननी होकार दिलाय. पगार तोच, व्हिसा तोच. मुहैस्नाहमध्ये लेबर कॅम्पच्या रस्त्यालगत नवे फ्लॅट आहेत, भाडं परवडेल. तूर्त ये-जा कर, जॅकलीनची बोर्डाची परीक्षा झाली की बिऱ्हाड हलव.

एवढंच माझ्या हातात होतं. यल्ला, रडत बसू नकोस.

राजन

•

फुजैरा
१४ जानेवारी २०२५

राजन,

रडत नाही. गणित करतेय.

माझ्या जुन्या रीतीने सातजणींना सोडू दिलं असतं तर राहिल्या असत्या सत्तावीस. पहिल्या पायरीवर अभ्यासक्रम बंद. तुझ्या रीतीने चौतीस ठेवल्या, दुसऱ्या पायरीवर बंद. म्हणजे बंद तर तो होणारच होता. दोन रस्त्यांत फरक फक्त एवढाच की एकात चार मुलींच्या निकालपत्रावर शिक्का आहे आणि एकात नाही. तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती मी तुझ्या हातात दिली.

त्या चौघींपैकी तिघींची पुढच्या सत्रात सोय होईल, त्यांची सरासरी शिक्का पचवून वर राहिली. उमैमाची नाही.

आता एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला ॲसिडिटीशिवाय हवंय. दुसरी पायरी तुला कधीपासून माहीत होती? एक्सेल तू बांधलीस म्हणतोस. सप्टेंबरात मला म्हणालास, सल्लागारांनी रंग निवडले. जानेवारीत एकदम नवा रकाना उगवला काय, पावसाळ्यात अळंबी उगवते तसा?

आणि दुसरं. मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाईंनी फार प्रेमाने नियम वाचून दाखवला. नापासचा शिक्का पुसून तिथे 'विषय सोडला' असं मागाहून करता येतं. त्यासाठी शिक्षकाने लिहून द्यायचं की विद्यार्थिनी वेळेत सोडायला आली होती, मीच तिला अडवलं, आणि ते तिच्या हितासाठी नव्हतं. हा कागद ह्या सत्राची नावनोंदणी संपायच्या आत, म्हणजे तेवीस तारखेपर्यंत, पोचला पाहिजे. तो पोचला की विद्यावेतन परत सुरू. मग ती बसने दुबईला यायला तयार आहे. सासूला मी स्वतः भेटून आले. म्हणाली, "बाईचा पगार येऊ दे, बसचं मी बघते."

उरलेल्या तिघींनाही विचारलं. त्यांना शिक्का चालतोय, चौकशीत नाव नको म्हणाल्या. शहाण्या आहेत.

मी लिहून देणार आहे.

ॲडेलिन

•

दुबई, ऑफिस
१६ जानेवारी २०२५

ॲडेलिन, अगं वेडी झालीस काय?

खैरुद्दीनला थांबवून हे खरडतोय. तू तो कागद दिलास की काय होईल, क्रमाने सांगतो. 'शिक्षकाने विद्यार्थिनीला अडवलं' हे तुझ्या फाइलला लागलं की दुबईची जागा गेली. तशी माणसं बदलीवर घेत नाहीत, थेट नोटीस देतात. नोटिशीचे तीन महिने, मग व्हिसा रद्द. स्टॅनलीला पन्नासाव्या वर्षी वसईत कोण घेणार? जॅकलीनच्या पुढच्या कॉलेजचं काय? एका मुलीच्या एका विषयासाठी! ती तीन गुणांनी नापास झाली, ते तू पाडलं नाहीस, तिने स्वतः पाडलं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मसुदा नोव्हेंबरात आला होता, मोजणीच्या आधल्या आठवड्यात. नव्वद टक्क्यांचं त्यात होतं. पण मसुद्यावर 'पुढील वर्षापासून' असं लिहिलं होतं. निदान मी तसं वाचलं. ते पुढचं आर्थिक वर्ष होतं, आणि ते जानेवारीत लागतं. इतकी वर्षं बजेटमध्ये काढून मी 'वर्ष' म्हणजे शाळेचं वर्ष समजलो. आणि समजा तेव्हा कळलं असतं, तरी तुझी मुदत होऊन गेली होती. काय उपयोग होता सांगून? तू चार दिवस आधी काळजीत पडली असतीस, इतकंच. नाही सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू कागद दिलास की ते विचारणारच, तुम्ही तेरा वर्षं सोडू देत होता, यंदाच का अडवलंत? मोजणीचं तुम्हाला कुणी सांगितलं? हे आकडे बजेट ऑफिसच्या बाहेर जायचे नव्हते. आमच्या अथर्वची ऊद मेथातल्या शाळेची अजून तीन वर्षं आहेत. घरी सांगितलं की कदाचित परत जावं लागेल, तर म्हणतो, "बाबा, चिल." त्याला काय कळतंय.

मी तुझं भलंच चिंतलं होतं. निदान एवढं तरी तू मानतेस ना? माझी पत्रं फाडून टाक. आणि तो कागद देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो.

राजन

•

फुजैरा
२३ जानेवारी २०२५

राजन,

कागद आज सकाळी दिला. दुपारी शिक्का पुसला गेला. उमैमाचं नाव दुबईच्या यादीत आलं. सोमवारी सामान घेऊन नाही, फक्त डबा घेऊन ती निघणार आहे, बस त्याच दिवसापासून. पहाटे साडेपाचला गावाच्या फाट्यावर उभं राहायचं आहे. किती दिवस जमेल मला माहीत नाही. तिलाही नाही. तिकडे तिला मात्रांचं गणित कोण शिकवणार तेही माहीत नाही, ती जागा आता पुन्हा रिकामी आहे. जो कुणी येईल त्याला निरोप दे, ०.५ आणि ०.०५ तिच्यासमोर एकाखाली एक लिहायचे. शेजारी शेजारी लिहिले की ती फसते.

मला नोटीस मिळाली. तीन महिने. जॅकलीनचा शेवटचा पेपर त्याआधी आहे, तेव्हा तुमचं ते आर्थिक वर्ष निदान आमच्या घरात बोर्डाच्या वेळापत्रकाने चाललं. तिला सांगितलं तर पहिल्यांदाच "आय नो" म्हणाली नाही. नुसती येऊन शेजारी बसली. स्टॅनलीने वसईला भावाला फोन केला. त्याच्या केटरिंगमध्ये माणूस हवाय म्हणे. पगार विचारला नाही, रुपयांत ऐकायची अजून हिंमत नाही.

तुझ्या माहितीसाठी, उमैमा आता नापासांत नाही आणि मोजलेल्यांतही नाही. म्हणजे तेहतिसांत तीस पास. जवळजवळ एक्क्याण्णव टक्के. फुजैराचं नर्सिंग तुमच्या नियमाने निष्फळ नव्हतं, असा हिशेब आज दुपारपासून आहे. मी रजिस्ट्रारच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, समायोजन वर्षातून एकदाच होतं. मग मला चहा विचारला.

तू माझं भलं चिंतलंस, हे मानतेस ना, असं विचारलंस. मानते. तुझ्या भल्या चिंतण्याला मी नावं ठेवत नाही. पण मोजणीत आणि मुदतीत त्यालाही रकाना नाही, म्हणून उमैमाच्या काही कामी पडलं नाही.

त्यांनी मला विचारलंच. तीन माणसं होती, पाण्याच्या बाटल्या, टिश्यूचा डबा. तेरा वर्षं सोडू देत होता, यंदाच का अडवलंत, कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटली, म्हणून माझ्या मनानेच अडवलं. त्यांनी ते लिहून घेतलं. निम्मं तर खरंच होतं.

तेव्हा अथर्वची तीन वर्षं शाबूत आहेत. पण तुझं नाव घेतलं नाही ते तुला वाचवायला, असं समजून घरी पेढे वाटू नकोस. ते माझ्या जिभेवर आलं होतं. घेतलं असतं तर प्रकरण दुबईला गेलं असतं, तिथे कमिटी बसली असती, आणि आजची तारीख निघून गेली असती. उमैमाला तेवढा वेळ नव्हता.

ॲडेलिन